रानाला कशाला बदनाम करता?

'सॅव्हेज' हे इंग्रजी विशेषण हल्ली कॉलेजच्या पोरांच्या तोंडी कौतुकानं येतं. समोरच्याची बोलती बंद केली की 'सॅव्हेज रिप्लाय'! कोशात मात्र अर्थ क्रूर, हिंस्र असाच आहे. मूळ लॅटिन 'सिल्वा', म्हणजे जंगल. जो जंगलातला, तो क्रूर, असा हिशेब. आपल्या मराठीनंही 'रानटी' घडवताना तोच हिशेब लावला. 'पाशवी बहुमत' तर रोज छापून येतं. कुठल्या पशूंनी मतदान केलं, कोण जाणे.

चंदगड तालुक्यात हे पटणं अवघड. इथं रान म्हणजे शेतसुद्धा. घरातली माणसं 'रानात गेल्यात' म्हटलं की ती उसात असतात, काजूच्या बागेत असतात, नाहीतर रताळी काढत असतात. पारगड, तिलारीकडचं खरं जंगल तर दाराशीच. कर्नाटकातून आलेले हत्ती गेली वीसेक वर्षं या भागात वावरतायत. टस्कर एका रात्रीत ऊस आडवा करतो, भात तुडवतो. नुकसान खरं आणि भीतीही खरी. राखणीला जागणाऱ्या शेतकऱ्याला शहरातल्यांनी प्राणिप्रेमाचे धडे देऊ नयेत. पण हत्ती येतो तो पोटासाठी. त्यात क्रौर्य कुठं आलं?

क्रौर्य बघायचं तर पुण्यात कोथरूडला 9 डिसेंबर 2020 रोजी काय झालं ते आठवा. वाट चुकून एक गवा वस्तीत शिरला. बघ्यांची झुंबड उडाली, मोबाईल निघाले, आरडाओरडा सुरू झाला. भेदरलेलं जनावर सैरावैरा धावलं, जखमी झालं आणि पकडल्यावर थोड्या वेळात मेलं. यात सॅव्हेज कोण?

त्याही आधी 1871 साली इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो रद्द व्हायला 1952 उजाडलं. शिकल्यासवरल्या माणसांनी शांतपणे, कलमं पाडून केलेलं ते काम होतं.

म्हणून बातमीदार मित्रांना विनंती : खुनाच्या, अत्याचाराच्या बातमीत 'रानटी' आणि 'पाशवी' नको. निर्दय, क्रूर, नृशंस हे शब्द आपल्याकडे आहेत, तेच वापरा. आणि वाचकहो, गवा गावात शिरलाच तर गर्दी करू नका. वनखात्याचा नंबर आहे 1926.