दुसऱ्या थपडेनंतर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दगड सुटतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. यंदा गोटमारीच्या त्या दिवशी आम्ही सौंसरला आप्तांकडे होतो. मुले बाहेर पडू नयेत म्हणून त्यांना ‘लगे रहो मुन्नाभाई’ दाखविण्यात आला. चित्रपट संपला आणि वादाला तोंड फुटले.

नागपूरच्या राजकुमार हिरानी यांचा हा चित्रपट २००६ सालचा. त्यातील बापूंच्या भूमिकेसाठी आपल्या दिलीप प्रभावळकरांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. मुलांचा आक्षेप मात्र मुन्नावर होता. एका गालावर थप्पड बसताच तो दुसरा गाल पुढे करतो. दुसरी बसताच पहारेकऱ्याला ठोसा लगावतो. वर म्हणतो, दुसऱ्या थपडेनंतर काय करावे हे बापूंनी सांगितलेले नाही! मग हा दादा सुधारला तरी कुठे?

आमच्या मते त्या वेळी तो सुधारलेला नाहीच. जान्हवीच्या ओढीने त्याने प्राध्यापकाचे सोंग घेतले. ते सोंग निभावण्यासाठी तीन दिवस, तीन रात्री ग्रंथालयात गांधी वाचले, आणि तेथेच त्याला बापू दिसू लागले. ते बापू खरे की भास, याचे उत्तर चित्रपटच देतो: जे मुन्नाला ठाऊक नाही, ते त्या बापूंनाही ठाऊक नसते. म्हणजे बापू त्याच्या वाचनातून आले. वागणुकीत उतरायला त्यांना वेळ लागला.

तो खरा बदलतो ते लकीसिंग त्याचे सोंग उघडे करण्याची धमकी देतो तेव्हा. गप्प राहिला असता तर जान्हवी त्याचीच होती. तरीही तो स्वतः तिला सत्य सांगतो आणि तिला गमावतो. जिच्यासाठी खोटे बोलला, तिच्यासाठीच खरे बोलला.

आणि लकीसिंग? तो केवळ घर बळकावणारा खलनायक नव्हे. लेकीचे लग्न मोडू नये म्हणून तिचा मंगळ लपविणारा तो बाप आहे. येथे घरातील वडीलधारी मंडळी एकाएकी गप्प झाली. पत्रिकेत थोडे इकडचे तिकडे करणारे बाप काय फक्त पडद्यावरच असतात? मायेपोटी बोललेले खोटे शेवटी मुलीलाच निस्तरावे लागते, हे सिमरनकडे पाहून आमच्या घरच्या मुलींना आधी उमगले.

गोटमारीची आख्यायिकाही एका प्रेमी युगुलाचीच. दोघे नदी ओलांडत असता दोन्ही काठांवरून दगड आले, असे सांगतात. पहिला दगड कोणाचा, हे आज कोणालाच ठाऊक नाही. पण दरवर्षी डोकी मात्र फुटतात. दुसऱ्या थपडेनंतर काय करावे, हा मुन्नाचा प्रश्न त्या नदीकाठी अजून तसाच उभा आहे. उत्तर सोपे नाही, हे आम्हांलाही मान्य. परंतु हातातला दगड खाली ठेवण्यासाठी समोरच्याने आधी ठेवावा, अशी वाट पाहत बसू नये, एवढे तरी मुलांना सांगता येईल.