ढगांचे गणित आणि पेरणीचा निर्णय

मृगाच्या तोंडावर ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असा अंदाज येतो आणि गावच्या चावडीवर पोहोचेपर्यंत त्यातील ‘तुरळक’ हा शब्द गळून पडतो. उरतो तो केवळ ‘पाऊस’. त्या भरवशावर अपुऱ्या ओलीत बी पडते, आणि दुबार पेरणीचा प्रसंग ओढवला की दोष वेधशाळेच्या माथी येतो. हा दोष बव्हंशी अनाठायी आहे. त्याचे कारण ढगाच्या घडणीतच सापडते.

ढग म्हणजे वाफ, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वाफ डोळ्यांना दिसत नाही. दमट हवा वर चढून थंड झाली म्हणजे तिच्यातील वाफ धूळ, धूर वा समुद्री मिठाच्या सूक्ष्म कणांभोवती साकळते, आणि अशा असंख्य जलकणांचा ढग बनतो. हा जलकण सुमारे 0.02 मिलिमीटर व्यासाचा, तर पावसाचा थेंब सुमारे 2 मिलिमीटरचा. म्हणजे एका थेंबासाठी दहा लक्ष जलकणांचे पाणी एकत्र यावे लागते! ते कण एकमेकांवर आदळून मिसळतात, किंवा उंचावर बर्फकण वाढून खाली येताना वितळतात. हे जमले नाही तर भरून आलेले आभाळही कोरडेच सरकून जाते.

या घडामोडींचा हिशेब संगणकावर मांडताना शास्त्रज्ञ वातावरणाचे चौकोन पाडतात व प्रत्येकातील उष्णता, आर्द्रता आणि वारा यांची समीकरणे सोडवितात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार होऊन 2025 साली सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या प्रणालीत हा चौकोन 6 किलोमीटरचा आहे. पूर्वी तो 12 किलोमीटरचा होता. ही प्रगती मोठीच होय. तथापि 6 किलोमीटरचा चौकोन म्हणजे 3,600 हेक्टर. त्यातील एकेका ढगाचे वर्तन स्वतंत्रपणे मांडता येत नाही, ते सरासरीच्या नियमांनी बसवावे लागते. पीक कापणी प्रयोगावरून मंडळाचे उत्पन्न कळते, पण अमक्याच्या शेतात किती पोती झाली ते कळत नाही. त्यातलाच हा प्रकार.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने अंदाजाचे शब्द जसेच्या तसे सांगावेत. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या विभागातील पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर चौथाई केंद्रांवर पाऊस. ‘नक्की पडेल’ असे म्हणण्याचा मोह होतो खरा, कारण ऐकणाऱ्यास तेच हवे असते. पण त्यात बियाण्याचे पैसे ऐकणाऱ्याचे जातात.

अंदाजावरून मशागत उरकावी, बी-खत आणून ठेवावे. पेरणी मात्र पडलेल्या पावसावर ठरवावी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर ओल किती खोल गेली हे रानात खणून पाहावे. जवळ पर्जन्यमापक नसल्यास सपाट तळाचे व उभ्या कडांचे भांडे झाडाझुडपांपासून दूर उघड्यावर ठेवून साचलेले पाणी रोज सकाळी पट्टीने मोजले, तरी काम भागते.