सुरतेचा जोडा

'जहाल आणि मवाळ : फरक स्पष्ट करा' हा प्रश्न आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला आहे. डाव्या रकान्यात टिळक, उजव्या रकान्यात गोखले. डावीकडे बहिष्कार, उजवीकडे अर्ज-विनंत्या. मधे पट्टीने मारलेली रेघ. रेघ सरळ आली की मार्क पक्के! पुढे आपण सायन्स घेतलं, इथे आलो, आणि टिळक-गोखले शाळेच्या दप्तरातच राहून गेले.

मला मात्र अलीकडे त्या रेघेची फार आठवण येते. कुठलाही पक्ष फुटला की टीव्हीवर आणि मेसच्या टेबलावर एकच कारण ऐकू येतं, 'त्यांचे विचार जुळत नव्हते हो!' अहो, विचार तर एका घरातल्या दोन सख्ख्या भावांचेही जुळत नाहीत. एका रूममधल्या तीन पार्टनर्सचे तर पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरही जुळत नाहीत. मग सगळी घरं आणि सगळ्या रूम्स का फुटत नाहीत?

माझं म्हणणं थोडक्यात असं. मतभेद प्रत्येक पक्षात असतात आणि असायलाच हवेत. पक्ष फुटतो तो मतभेद मांडायची आणि निकालात काढायची सर्वांना मान्य असलेली रीत नसते तेव्हा. आणि एकदा का ती रीत नाही हे सगळ्यांना कळलं, की दोन्हीकडच्या समजूतदार माणसांचं कोणी ऐकत नाही, टोकाची माणसं पुढे येतात. याचं आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे काँग्रेसचं सुरत अधिवेशन, डिसेंबर १९०७.

आधी थोडी पार्श्वभूमी. टिळक आणि गोखले यांचं भांडण काही सुरतेत सुरू झालं नाही. दोघेही डेक्कन एज्युकेशन सोसायटीतले. टिळकांनी १८९० साली सोसायटी सोडली. १८९५ साली पुण्याची सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाच्या ताब्यात गेली, तेव्हा रानडे-गोखल्यांनी पुढच्याच वर्षी डेक्कन सभा काढली. म्हणजे एकाच संस्थेत राहून भांडायचं आणि पुढच्या निवडणुकीत पाहून घ्यायचं, ही सवय पुण्यालाच नव्हती. हरला तो बाहेर पडणार आणि नवी पाटी लावणार! (ही परंपरा आपण किती निष्ठेने सांभाळली आहे ते मी सांगायला नको.)

मग १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि सगळ्या देशाचं डोकं तापलं. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण, स्वराज्य. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनाला अध्यक्ष कोण, यावरच तंटा उभा राहिला. जहालांना टिळक हवे होते. मवाळांनी तोड काढली, इंग्लंडहून ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींना बोलावलं. त्यांना विरोध कोण करणार? तंटा मिटला नाही, वर्षभर पुढे ढकलला गेला. चारही विषयांवर ठराव झाले, पण त्यांची भाषा इतकी लवचिक की दोन्ही पक्ष आपापला अर्थ घेऊन आनंदाने घरी गेले. आपण ग्रुप प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये 'दोघांचंही म्हणणं बरोबर' असं वाक्य घालून वाद मिटवतो, तसंच.

पुढचं अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं. तिथल्या स्वागत समितीत अध्यक्षपदावरून इतका गोंधळ झाला की फिरोजशहा मेहता आणि मंडळींनी अधिवेशनच उचलून सुरतेला नेलं. नागपुरात जहालांचा जोर, सुरतेत मेहतांचा. मॅच हरायची भीती वाटली म्हणून ग्राउंड बदललं, असं जहालांना वाटलं तर नवल नाही. जहालांनी लाला लजपतरायांचं नाव पुढे केलं. ते नुकतेच मंडालेहून सुटून आले होते. पण आपल्या नावावरून फूट नको म्हणून लालाजींनी नकार दिला. मवाळांचे अध्यक्ष ठरले होते रासबिहारी घोष.

आता खरी गंमत पाहा. तेव्हाची काँग्रेस म्हणजे देशातली सगळ्यात मोठी राजकीय संस्था. पण अध्यक्ष निवडायचा कसा? यजमान गावची स्वागत समिती नाव ठरवणार आणि मंडपात सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. प्रतिनिधी कोण? कुठल्याही सभेने किंवा संस्थेने निवडून पाठवलेला माणूस. कुठून किती यावेत याला धरबंध नाही. म्हणजे ज्या गावात अधिवेशन, त्या गावच्या लोकांचं पारडं जड. मतमोजणीची कधी वेळच आली नव्हती, कारण बावीस वर्षं सगळं एकमताने चाललं होतं! कागदावर काही नियम होते, पण ते कागदावरच.

काँग्रेस म्हणजे इंग्रजांनी बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह, असं पुढे लालाजींनी लिहिलं. ते खरं की खोटं यावर इतिहासकार भांडत बसले आहेत. मला मात्र वाटतं, की देशाच्या बॉयलरचा व्हॉल्व्ह असो वा नसो, खुद्द काँग्रेसच्या बॉयलरला व्हॉल्व्ह नव्हता. प्रेशर वाढत होतं आणि गेजकडे बघायला कोणी तयार नव्हतं.

त्यातच अफवा पसरली की कलकत्त्याचे चार ठराव या वेळी गाळणार किंवा पातळ करणार. गोखल्यांनी नंतर सांगितलं की तसा हेतू नव्हता, छपाईत उशीर झाला. असेलही तसं. पण ठरावांचे मसुदे टिळकांच्या हातात पडायला अधिवेशनाचा दिवस उजाडला, हे खरं. ज्या पक्षात संशयाचं वातावरण असतं तिथे छापखान्याचा उशीरसुद्धा कट वाटतो.

२६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्षपदाच्या सूचनेला अनुमोदन द्यायला उठले आणि एवढा आरडाओरडा झाला की सभा तहकूब झाली. २७ तारखेला टिळकांनी स्वागताध्यक्षांना चिठ्ठी पाठवली, की मला तहकुबीची सूचना मांडायची आहे. उत्तर नाही. अध्यक्षांची निवड जाहीर झाली. टिळक थेट व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. सूचना नियमबाह्य आहे, असं त्यांना सांगितलं गेलं. ते हाताची घडी घालून उभेच राहिले. मंडपातून लोक धावून आले, काठ्या निघाल्या, खुर्च्या उडाल्या, आणि तो प्रसिद्ध दक्षिणी जोडा हवेतून आला. तो सुरेंद्रनाथांना लागला आणि मेहतांवर आदळला. पोलिसांनी येऊन मंडप रिकामा केला.

या गोंधळात एक गोष्ट घडली, ती शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटली नाही. हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. त्याने लिहून ठेवलंय की टिळकांवर लोक धावून येत होते तेव्हा त्यांच्या शेजारी दोन्ही हात पसरून त्यांना वाचवायला उभे राहिले होते गोखले! ज्या दोन नावांच्या मधे आपण पट्टीने रेघ मारतो, ती दोन माणसं त्या क्षणी एकाच बाजूला होती. जोडा मात्र कोणी मारला आणि कोणासाठी मारला, यावर पुढे दोन्ही पक्ष भांडत राहिले.

दुसऱ्या दिवशी टिळकांनी लिहून दिलं, की गेल्या वर्षीचे ठराव कायम ठेवत असाल तर आम्ही अध्यक्षांना असलेला विरोध सोडतो, झालं गेलं विसरून जाऊ. कोणी ऐकलं नाही. मवाळांनी पोलीस बंदोबस्तात वेगळी परिषद भरवली, प्रतिज्ञापत्रावर सही करेल त्यालाच आत प्रवेश. जहालांनी अरविंद घोषांच्या अध्यक्षतेखाली वेगळी सभा घेतली. १९०८ साली अलाहाबादला मवाळांनी काँग्रेसची घटना लिहिली. म्हणजे नियम आले, पण केव्हा? विरोधक बाहेर गेल्यावर, आणि ते परत येऊ नयेत अशा बेताने!

फायदा कोणाला झाला? सरकारला. मवाळांना गोंजारायचं आणि जहालांना चिरडायचं, हे धोरण सोपं झालं. जून १९०८ मध्ये टिळकांना अटक झाली, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, पण राष्ट्रीय पक्ष म्हणून पाठीशी उभं राहायला कोणी उरलं नव्हतं. अरविंद घोषांना अटक झाली, सुटल्यावर १९१० साली ते पाँडिचेरीला गेले. आणि मवाळांना काय मिळालं? १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणा. केंद्रीय कौन्सिलात सरकारी बहुमत कायम, वर स्वतंत्र मतदारसंघ. त्याच वर्षी लाहोरच्या अधिवेशनाला तीनशेही प्रतिनिधी जमले नाहीत. जहालांकडे लोक होते पण संस्था नव्हती. मवाळांकडे संस्था होती पण लोक नव्हते. फुटलेल्या पक्षाची दोन्ही अर्धुकं अशीच असतात.

आता दोष कोणाचा? मी दोन्हीकडे देतो, पण सारखा देत नाही. जहालांची चूक उघड आहे. मतांनी जिंकता येत नसेल तर आवाजाने जिंकू, हा रस्ता त्यांच्या लोकांनी धरला, आणि हा रस्ता एकदा धरला की आपल्याहून मोठा आवाज असलेला कोणीतरी उद्या येतोच. तरीही माझ्या मते मोठा वाटा खुर्चीवर बसलेल्यांचा. जागा बदलणं त्यांच्या हातात, मसुदे त्यांच्या हातात, चिठ्ठीला उत्तर देणंही त्यांच्याच हातात. टिळकांना दहा मिनिटं बोलू दिलं असतं आणि मत घेतलं असतं, तर बहुधा मवाळच जिंकले असते. सुरत त्यांचं गाव होतं! ज्याच्याकडे अजेंडा ठरवायचा अधिकार आहे, त्याने विरोधकाला बोलू देण्याची जबाबदारीही घ्यायला हवी.

कोणी म्हणेल, नियम असले की सगळं ठीक होतं का? नाही. १९२० साली नागपूरला गांधीजींच्या पुढाकाराने काँग्रेसला नवी घटना मिळाली. चार आणे वर्गणीचा सभासद, लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी. तरी १९३९ साली सुभाषबाबू अध्यक्षपदाची निवडणूक सुमारे दोनशे मतांनी रीतसर जिंकले, आणि त्रिपुरीला असा ठराव झाला की कार्यकारिणी गांधीजींच्या मर्जीनेच नेमायची. एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. जोडा उडाला नाही, पण मतपेटीचा निकाल पचवायची तयारी नसेल तर नियमाचं पुस्तक काही कामाचं नाही. मशीनबरोबर मॅन्युअल आलं म्हणून मशीन चालत नाही. ते कोणीतरी वाचावं लागतं, आणि न आवडणारं पानसुद्धा पाळावं लागतं.

सुरतेची जखम भरायला नऊ वर्षं लागली. १९१४ मध्ये ॲनी बेझंट यांनी समेट करून पाहिला, फिसकटला. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात त्यांच्याविषयी भरभरून बोलले. त्या वर्षअखेरीस घटनेतली अट सैल झाली, आणि १९१६ ला लखनौला टिळक परत आले. प्रतिनिधींची संख्या दोन हजारांवर गेली. दोन वर्षांत मवाळच बाहेर पडले आणि त्यांनी लिबरल पक्ष काढला, ही पुन्हा वेगळी कथा. आजचे जहाल उद्याचे मवाळ ठरतील, असं टिळकांनी सुरतेच्या वर्षभर आधीच म्हटलं होतं. 'जहाल' हे एखाद्या माणसाचं कायमचं आडनाव नसतं, एवढं लक्षात ठेवलं तरी समोरच्यावर शिक्का मारताना आपला हात जरा थबकेल.

हे सगळं आपल्याला कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी शेवटचं. उद्याचे पक्ष आकाशातून पडत नाहीत. सभा कशी चालवायची हे माणूस शिकतो ते हॉस्टेलच्या जीबीत, मेस कमिटीत आणि गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये. तिथे 'सगळ्यांना मान्य आहे ना?' असं विचारून दोन सेकंदांत रजिस्टर बंद होतं, आणि मागच्या बाकावरून शिट्ट्या सुरू होतात. दोघेही आपापल्या जागी छोटं सुरत चालवत असतात. तेव्हा पुढच्या मीटिंगला तीन गोष्टी मागा : अजेंडा आदल्या दिवशी नोटीस बोर्डवर, विरोधात बोलणाऱ्याला ठरलेला वेळ, आणि हात वर करून मोजलेली मतं. आपण हरलो तरी रजिस्टरवर सही करायची आणि पुढच्या मीटिंगला परत यायचं. वॉर्डन सरांनी आणि स्टाफनेही हे मनावर घ्यावं, कारण पहिला अजेंडा बहुधा त्यांच्याच टेबलावरून निघतो.