वर्गातील बघे

'आमच्या वेळीही चिडवाचिडवी होतीच, म्हणून कोणी मेले नाही', असे म्हणून हात झटकणारे ज्येष्ठ घरोघरी आहेत. हे विधान खरे नाही. १९८२च्या अखेरीस नॉर्वेत तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या. सवंगड्यांनी केलेला छळ हेच त्यामागचे कारण असावे, असे दिसताच तेथील शासनाने १९८३मध्ये शाळाशाळांतून देशव्यापी मोहीम उघडली. तेव्हा मोबाईल नव्हता, शाळा सुटली की निदान छळालाही सुट्टी मिळे. आता तो मुलाच्या पांघरुणात शिरतो. अडखळत वाचणाऱ्या एखाद्याचे कोणी चोरून चित्रीकरण करतो, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो आणि पाहता पाहता चाळीस जणांची हसरी चिन्हे त्याखाली उमटतात. छळणारा एकच असतो, पण त्या मुलाच्या लेखी सारा वर्ग हसलेला असतो.

या चाळीस जणांचा विचार फिनलंडने गांभीर्याने केला. तुर्कू विद्यापीठात तयार झालेला आणि २००९पासून देशभर राबवला गेलेला 'किवा' हा उपक्रम बघ्यांवर भर देतो. छळणाऱ्याला समज दिली जातेच; पण त्याच वर्गातील, ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा दोन-चार मुलांना शिक्षक वेगळे बोलावतात आणि त्रास सोसणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्यास सांगतात. दादागिरीला प्रेक्षक लागतात. ते उठून गेले की तिचा जोर ओसरतो.

आपल्याकडे उपाय अजून पेटीपाशी अडकला आहे. शाळांत तक्रारपेटी बसवण्याचा शासन निर्णय २०१७चा. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४मध्ये त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली, यातच सर्व आले. शिवाय पेटी असली, तरी 'चुगलखोर' हा शिक्का बसण्याच्या भीतीने चिठ्ठी टाकणार कोण?

आणि मुलांना हसायला शिकवले कोणी? रंगावरून, बोलीवरून, आडनावावरून जात ताडून मारलेले टोमणे मुले प्रथम घरातच ऐकतात. कुटुंबाच्या गटावर आलेली कुणाच्या व्यंगाची चित्रफीत आपणच हसत पुढे धाडतो. समरसतेवर व्याख्यान ऐकून परतणाऱ्यांनीही (प्रस्तुत लेखक त्यात आलाच) आपला फोन एकदा तपासावा.

'तुला कोणी त्रास देते का?' असे पालक विचारतात, मूल 'नाही' म्हणते आणि विषय संपतो. त्याऐवजी 'तुमच्या वर्गात सगळे कोणाला हसतात? तेव्हा तू काय करतोस?' असे विचारून पाहावे. उत्तर यायला कदाचित दोन-चार दिवस लागतील. मजकूर आक्षेपार्ह असेल, तर संतापून तो पुसून टाकू नये. पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे आणि वर्गशिक्षकांना भेटावे. शाळेने दाद दिली नाही, तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.