घरचा वैद्य : वैद्याची लेखणी

औषध देणे हे वैद्याचे काम; पण रोगाविषयी चार शब्द नीट लिहून ठेवणे हेही त्याचेच काम आहे, याचा आपणांस बहुधा विसर पडतो. अलीकडे रुग्णालये व औषधांचे कारखाने डॉक्टरांकडून मोबदला देऊन लेखन करवून घेतात, आणि कित्येक डॉक्टरांनी हाच व्यवसाय पत्करला आहे. त्यात गैर काही नाही. मात्र असे लेखन चांगले कशावरून समजावे?

याचे उत्तर शोधण्यास सारोळ्याच्या वाचकांना फार दूर जावयास नको. भोरवरून वरंधा घाट उतरले की महाड लागते. त्या भागात बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात असताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे दगावताना पाहिली. रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी वांती, दरदरून सुटणारा घाम, गार पडणारे हातपाय यांची टिपणे ठेविली. ती १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो व फुप्फुसांत पाणी साचते. त्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध येथे गुणकारी ठरते, हे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी १९८६ साली मांडिले. पुढे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ७० रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्यांत ८. महाडात जमविलेला अनुभव कागदावर उतरला, म्हणूनच तो परगावच्या डॉक्टरांच्याही उपयोगी पडला.

परंतु हेच ज्ञान गृहिणीसाठी लिहावयाचे तर आकडे बाजूस ठेवावे लागतात. मध्यरात्री मुलाला विंचू चावला असता तिला विषाचे गुणधर्म नकोत. काय करावे, एवढेच हवे. म्हणून पहिल्याच ओळीत लिहावे : मांत्रिकाकडे वेळ दवडू नका, चिरा देऊ नका, मुलाला तत्काळ दवाखान्यात न्या. कळ थोडी म्हणून धोका थोडा, असे मानू नका. कारणमीमांसा त्यानंतर. कोणासाठी, कोणत्या क्षणासाठी आणि कोणत्या क्रमाने लिहावयाचे, हे आधी ठरविणे हाच वैद्यकीय लेखनाचा पाया होय.

वाचकभगिनींनीही आरोग्यावरील लेख हाती येताच तीन गोष्टी पाहाव्या. लिहिणारा त्या विषयाचा जाणता आहे काय? त्याला पैसे कोणी दिले, हे सांगितले आहे काय? आणि औषधाचे गुण सांगताना त्याचे दोषही सांगितले आहेत काय? तिसऱ्या प्रश्नास उत्तर न मिळाल्यास तो लेख नव्हे, जाहिरात समजावी. व औषध घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.