परदेशात इंग्रजी शिकवायचंय? आधी तिवशात शिकवून पाहा

तिवसा बसस्टँडवर अमरावतीच्या एसटीची वाट पाहताना हातात मोबाइल असतोच. रीलमध्ये बँकॉकच्या शाळेतला कुणी गोरा तरुण सांगत असतो, ‘पदवी आहे? इंग्रजी येतं? मग या की इकडे!’ महिन्याचा पगार, राहायला खोली, सुट्टीत समुद्र. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी साहित्य घेतलेल्या पोराच्या किंवा पोरीच्या मनात लगेच येतं, ‘मंग मले काहून नाई जमनार?’

प्रश्न रास्त आहे. त्याची टर उडवायची नाही आणि ‘आपल्याच्यानं काय होते बे’ असं म्हणून तो दाबायचाही नाही. जमेल. पण रीलमधल्या रस्त्यानं नाही. तो रस्ता कुणासाठी बांधलाय, हे आधी समजून घ्या.

या बाजारात पहिला प्रश्न ‘तुम्हाला किती इंग्रजी येतं’ हा नसतो. ‘पासपोर्ट कोणत्या देशाचा’ हा असतो. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा नेहमीचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनचा नियमही साधारण याच वळणाचा. त्यातच 2021 मध्ये चीननं खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि तिथली मोठी बाजारपेठच आटली. जपानमध्ये शाळेत शिकवायचं तर ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना किमान 12 वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीनं पुढे एम.ए.ला कितीही गुण मिळवले तरी हे दार तिच्यासाठी बंद. हा अन्याय आहे का? आहे. व्याकरण शिकून, घोकून, चुका करत इंग्रजी आत्मसात केलेला माणूस नवख्याची अडचण जास्त ओळखतो. ब्रज कचरू या भारतीय भाषाशास्त्रज्ञानं तर इंग्रजी एकाच देशाची नाही, तिची अनेक रूपं आहेत आणि भारतीय इंग्रजी हे त्यातलं एक, हे जगाला पटवून दिलं. विद्यापीठांना ते पटलं. व्हिसाच्या खिडकीला अजून पटायचंय. त्या खिडकीशी भांडत बसण्यापेक्षा उघडी दारं कोणती, ते बघू या.

पहिलं दार जवळचंच आहे, मालदीव. तिथल्या शाळांत बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवले जातात आणि भारतीय शिक्षक तिथं अनेक वर्षांपासून मोठ्या संख्येनं आहेत. दुसरं दार आखाती देशांचं. दुबई, मस्कत, कुवेत इथं सीबीएसईच्या शाळा आहेत आणि त्यांना इंग्रजीचे शिक्षक लागतात. पण या दोन्हीकडे बी.एड. किंवा त्या तोडीची शिक्षक-पदवी विचारली जाते. तिसरं, थायलंड आणि व्हिएतनाम. इथं भारतीयांनाही काम मिळतं, पण पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र, पोलिस पडताळणीचा दाखला आणि बऱ्याचदा इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दाखवावा लागतो. कोरियानंही भारताशी केलेल्या आर्थिक भागीदारी करारात, जो 2010 पासून लागू आहे, भारतीय इंग्रजी सहायक शिक्षकांसाठी दार किलकिलं ठेवलंय. तिथंही शिक्षक म्हणून पात्रता हवीच. आणि एक वेगळं दार: अमेरिकेची फुलब्राइट भाषा-सहायक शिष्यवृत्ती. यात तरुण भारतीय शिक्षक नऊ महिने तिथल्या विद्यापीठात हिंदीसारखी आपली भाषा शिकवतात. त्यासाठी स्पर्धा मोठी असते, पण तिचा खर्च बापाच्या खिशातून करावा लागत नाही.

आता प्रमाणपत्राचं. ‘120 तासांचा कोर्स, आज फक्त 999 रुपयांत’ अशी जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. अशा ऑनलाइन कोर्सेसवर जगात कुणा एकाचं नियंत्रण नाही. कागद छापून मिळतो, पण त्यातल्या बहुतेकांत खऱ्या वर्गासमोर एकदाही उभं राहावं लागत नाही. केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटीचा सर्टटेसॉल हे दोन कोर्स जगभर ओळखले जातात, त्याचं कारणच हे की त्यांत परीक्षकासमोर किमान सहा तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं. मात्र त्यांची फी मोठी आहे. कर्ज काढून तिकडे धावण्याआधी हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीकडे पाहा. 1958 मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना घडवण्यासाठीच ही संस्था सुरू झाली. इंग्रजी अध्यापनाचा तिचा पदव्युत्तर डिप्लोमा हा आपल्या पोरांना परवडणारा आणि वजन असलेला पर्याय आहे. आणि बी.एड. तर आहेच. ‘त्यात काय ठेवलंय’ असं आपण म्हणतो, पण मालदीव आणि आखातात नेमका तोच कागद आधी मागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एखादा एजंट येईल आणि म्हणेल, ‘अनुभव नको, परीक्षा नको, दीड लाख द्या, टुरिस्ट व्हिसावर चला, तिथं गेल्यावर वर्क परमिट करून देतो.’ तिथंच थांबा. अलीकडे थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय यायला मुभा दिली, पण यायची मुभा म्हणजे काम करायची मुभा नव्हे. अशाच ‘चांगल्या नोकरी’च्या आमिषानं थायलंडमार्गे नेलेले शेकडो भारतीय तरुण म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडले गेले. मार्च 2025 मध्ये भारतानं हवाई दलाची विमानं पाठवून त्यातल्या पाचशेवर जणांना परत आणलं. ती पोरं अडाणी नव्हती. अनेक जण शिकलेले, इंग्रजी बोलणारे, संगणक येणारे होते. म्हणूनच त्यांना हेरलं होतं.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, फक्त तो माहीत हवा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची 1983 च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी लागते. नाव खरं आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या तपासता येतं. त्याला घेता येणारं सेवाशुल्क 30 हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच. त्याहून जास्त मागितले आणि पावती नाही म्हणाला, तर समजून जा. करारपत्र हातात आल्याशिवाय पैसे नाहीत, कामाचा व्हिसा लागल्याशिवाय विमान नाही आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. पदवीचं प्रमाणपत्र परदेशात चालावं म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का किंवा त्या देशाच्या दूतावासाचं साक्षांकन लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून निकाल लागला की लगेच त्या कामाला लागा. मूळ गुणपत्रिका हरवली असेल तर दुय्यम प्रत आत्ताच काढून ठेवा.

पैशाचं गणितही मांडा. विमानाचं तिकीट, कागदपत्रं, पहिल्या पगारापर्यंतचा राहण्या-जेवणाचा खर्च. हे सगळं बाबांच्या सोयाबीन-कपाशीच्या पैशातून जाणार असेल, तर ते पीक या वर्षी कसं आलंय, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. वावर गहाण टाकून मिळवलेली एक वर्षाची नोकरी ही संधी नसते, जुगार असतो.

मग आत्ता काय करायचं? ‘अनुभव नाही’ हीच अडचण असेल तर अनुभव इथंच मिळतो. गल्लीतली सातवी-आठवीची पाच पोरं गोळा करा आणि आठवड्यातून तीन दिवस त्यांना इंग्रजी बोलायला शिकवा. प्रत्येक तासाला काय शिकवलं, कोण कुठं अडलं, हे वहीत लिहा. सहा महिन्यांनी ती वही म्हणजे तुमचा पहिला खरा पुरावा. मुलाखतीत ‘तुम्ही वर्ग कसा सांभाळता’ असं विचारलं की सांगायला गोष्ट असेल. मग एखाद्या शाळेत किंवा क्लासमध्ये दोन वर्षं, रीतसर नेमणूकपत्र आणि अनुभवाचा दाखला घेऊन. ‘मले इंग्रजी समजते, पन बोलाले गेलो का जीभ अडखळते’ ही तक्रारही वर्गात उभं राहिल्यावरच कमी होते, आरशासमोर नाही.

थोडं महाविद्यालयांनाही सांगायचंय. तालुक्याच्या कॉलेजातही प्लेसमेंट सेल असतो. बहुतेक ठिकाणी तो फलकापुरता असतो. या सेलनं वर्षातून एकदा परदेशी नोकरीची कागदपत्रं, नोंदणीकृत एजंट आणि फसवणूक यावर दोन तासांचं सत्र घ्यावं. इंग्रजी विभागानं तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जवळच्या शाळेत महिनाभर शिकवायला पाठवावं. याला ना निधी लागतो, ना मंत्रालयाची परवानगी. शाळेच्या मुख्याध्यापकांशी एकदा बोलावं लागतं, एवढंच.

आपल्या तालुक्यातल्या मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1955 मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेला गेले होते. शालेय शिक्षण जेमतेम प्राथमिक, हातात खंजिरी. पण त्याआधी वीस वर्षं, 1935 पासून, गुरुकुंजात त्यांचं काम उभं होतं. जपाननं बोलावलं ते त्या कामाला. तुम्हीही जा, नक्की जा. पण जाताना बॅगेत एजंटाची पावती नको, तुम्ही घेतलेल्या तासांची वही असू द्या.