कोंबडीचे खाद्य, माणसाचे औषध

मुरगूडसारख्या ऊसपट्ट्यात करारावर ब्रॉयलर वाढविणाऱ्या शेतकऱ्याला पिल्लांबरोबर खाद्यही कंपनीच पुरविते. त्या पोत्यात काय आहे हे त्यालाच ठाऊक नसेल, तर ती चिंतेची बाब होय. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळली की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. त्याची किंमत अखेर रुग्ण मोजतो. म्हणूनच युरोपीय संघाने २००६ मध्ये ही प्रथा बंद केली, तर भारताने २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिनवर बंदी घातली. हळद, लसूण, ओवा यांचे अर्क हा आशादायक पर्याय आहे. पण त्यांचा गुण मात्रेवर अवलंबून असतो. 'वनस्पतिजन्य' ही मोहोर म्हणजे पुरावा नव्हे. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थांनी या अर्कांची स्वतंत्र चाचणी घ्यावी आणि पोत्यावर घटक व मात्रा मराठीत छापल्या जाव्यात. शेतकऱ्याचा आणि ग्राहकाचा एवढा हक्क निर्विवाद आहे.